पूजेला एकटीनं बसता येतं का?

माझ्याकडे सल्ल्याला आलेली, चाळिशी ओलांडलेली बाई. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून ती एकेक प्रश्न वाचायला लागली. पोटगी, मुलांचा ताबा असं काही असेल, असं मला वाटलं. पहिलाच प्रश्न होता, "घटस्फोट घेतला तर पूजेला एकटीनं बसता येतं का?"

नवरा सतरा वर्षं हात उचलत होता. कागदावर ते सातव्या नंबरला.

"सप्तपदी झालीय ताई. सात जन्मांचं नातं मीच तोडलं तर पाप मलाच ना?"

या काळजीनं अडलेल्या कितीतरी जणी येतात. नवीन असताना मी 'असं काही नसतं हो' म्हणून मोकळी व्हायचे. चुकत होते. श्रद्धा उडवून लावली की बाई पुन्हा येत नाही, निमूट मार खायला घरी जाते.

हिला विचारलं, पाप लागतं हे सांगितलं कुणी? आई, सासू, मोठी जाऊ. ग्रंथ एकही नाही. मग पराशरस्मृतीतला श्लोक सांगितला : पती बेपत्ता झाला, वारला, संन्यासी झाला, नपुंसक असला किंवा पतित झाला, तर स्त्रीला दुसरा पती करता येतो. त्याच्या अर्थावरून पंडितांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण धर्म एकाच सुरात बोलतो, हा तिचा समज सैल झाला. आणि पूजेला एकटीनं खुशाल बसा म्हटलं.

मार थांबवणं आधी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घटस्फोट न मागताही संरक्षण आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. शिवाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० मध्ये न्यायिक विभक्तता आहे : लग्न कायम, एकत्र राहण्याची सक्ती नाही. हुकमानंतर वर्षभर एकत्र नांदणं झालं नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं, हेही लपवलं नाही. तिनं कलम १० निवडलं. मी असते तर सरळ घटस्फोट घेतला असता. पण संसार तिचा, देवही तिचा.

वटपौर्णिमेला तिचा फोन आला. "वडाला जाऊन आले ताई. सूत गुंडाळलं. मागितलं मात्र काही नाही."