ग्राइंडरवर धार लावताना सुरीचं पातं निळं पडलं, पाणी (म्हणजे कडकपणा) उतरलं का?

हो, साधं कार्बन पोलाद असेल आणि पात्याला आधीच पाणी दिलेलं असेल, तर निळ्या भागाचं पाणी उतरलंच. अशा सुऱ्या साधारण २०० अंश सेल्सिअसला टेम्पर केलेल्या, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताने तापवलेल्या असतात. फिकट पिवळा रंग २१०-२२० च्या आसपास दिसतो, तपकिरी २६० ला, निळा ३०० च्या जवळ. पिवळ्यापर्यंत फारसं बिघडत नाही. निळा भाग मात्र मऊ होतो आणि तिथली धार टिकत नाही. पॉलिश पेपरने रंग जातो, मऊपणा जात नाही. निळं झाल्यावर पाण्यात बुडवूनही कडकपणा परत येत नाही.

उपाय दोनच: निळा भाग पूर्ण घासून काढा आणि मागच्या कडक भागावर धार काढा, किंवा पातं पुन्हा तापवून तेलात विझवा आणि टेम्पर करा.

पुढच्या वेळी हातमोजे न घालता पातं धरा. बोटांना चटका जाणवला की लगेच पाण्यात. प्रत्येक फेरीनंतर बुडवलं तर उत्तमच. ग्राइंडर बेल्टचा असेल तर बेल्ट (घासायचा पट्टा) नवा हवा. बोथट बेल्ट कापत नाही, नुसता घासतो, आणि बहुतेक पाती त्यानेच जळतात. टोक आणि धारेची कड सर्वांत आधी तापते, तिथे दाब कमी ठेवा आणि थांबू नका. शेवटची धार दगडावर हातानेच लावा.

पातं पॉवर हॅक्सॉच्या (धातू कापायच्या यांत्रिक करवतीच्या) हायस्पीड स्टीलचं असेल तर निळ्याची काळजी नको, ते साडेपाचशेच्या आसपास टेम्पर केलेलं असतं.