'द पोलिस' बँडमध्ये स्टिंग सोडून बाकी दोघांचं काम काय होतं? आणि एवढं यश असताना बँड मोडला का?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, "गाणी स्टिंगची, आवाज स्टिंगचा, चेहरा स्टिंगचा. बाकीचे दोघं साथीलाच होते ना?" हे वाचून राहवलं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा लंडनचा तिघांचा रॉक बँड: गाणं आणि बास गिटार स्टिंग, ड्रम स्ट्युअर्ट कोपलंड, गिटार अँडी समर्स. माझं तरुणपण ऑर्केस्ट्रात ऱ्हिदमला गेलंय. साथीलाच म्हणा.

बँड का मोडला ते आधी सांगून टाकतो, त्यात गूढ काही नाही. गाणी एकाची, डोकी तीन, आणि रॉयल्टी गाणं लिहिणाऱ्याला. १९७८ ते १९८३ या काळात पाच अल्बम काढले, शेवटच्या वर्षी न्यूयॉर्कचं शे स्टेडियम भरवलं, आणि मग स्टिंगला एकट्याने जावंसं वाटलं. गेला. आता दोघांबद्दल.

हा बँड स्टिंगने काढलेलाच नाही. १९७७ साली लंडनमध्ये तो काढला स्ट्युअर्ट कोपलंडने, म्हणजे ड्रमरने. माणूस अमेरिकन, बाप सीआयएत, लहानपण कैरो आणि बैरुतमध्ये गेलेलं. स्टिंग तेव्हा न्यूकॅसलच्या बाजूला शाळामास्तर होता, रात्री जॅझ वाजवायचा. पहिला गिटारवाला हेन्री पादोवानी. काही महिन्यांतच त्याच्या जागी अँडी समर्स आला, या दोघांपेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठा आणि साठच्या दशकापासून वाजवून पोट भरणारा. लोक यांना पंक म्हणतात, म्हणजे तेव्हाचं लंडनमधलं रांगडं, वेगवान रॉक. यात पंक कुठे दिसतंय तुम्हाला? तिघांचे सोनेरी केससुद्धा च्युइंगमच्या एका जाहिरातीसाठी रंगवलेले. पंकवाल्यांनी यांना कधी आपलं मानलं नाही, आणि बरोबर केलं. पण वाजवायला तिघंही पक्के होते आणि मला तेवढं पुरतं.

पंक आणि रेगे, म्हणजे जमैकाचं संथ ठेक्याचं संगीत, एकत्र आणण्याची कल्पनाही त्यांची नव्हे. लंडनच्या रॉक्सी क्लबात डॉन लेट्स रेकॉर्डी लावायचा. पंकच्या रेकॉर्डीच तेव्हा फारशा निघालेल्या नव्हत्या, म्हणून तो जमैकाचं रेगे लावायचा आणि पोरं ते ऐकून घरी जायची. द क्लॅश या लंडनच्याच पंक बँडने १९७७च्या पहिल्याच अल्बममध्ये जमैकाच्या ज्युनियर मर्व्हिनचं 'पोलिस अँड थीव्ह्ज' घेतलं. मग पोलिसने वेगळं काय केलं? जागा सोडल्या. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यामध्ये चार मात्रांतली पहिली रिकामी. पायाने वाजणारा बास ड्रम आणि स्नेअर ड्रमची कड, दोन्ही एकदम तिसरीवर. दुसरी आणि चौथी गिटारची, तीही कापून टाकलेली. आपल्याकडे समेला हात पडला नाही तर गायक मान वळवून बघतो. तिथे ती मोकळी सोडता येणं हीच कला. 'वॉकिंग ऑन द मून' ऐका. बासचे मोजके सूर, समर्सचा एकच कॉर्ड एकोत लटकत राहिलेला, आणि वर कोपलंडच्या हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसेटवरच्या झांजांच्या जोडीची, नक्षी. त्यातून हे दोघं काढले तर हातात काय उरतं? 'रॉक्सॅन' तर स्टिंगने ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या चालीवर आणलं होतं. ठोका बदलायला लावला कोपलंडने, आणि ते टँगो आणि रेगेच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसलं. गाणं कोणाच्या नावावर? एकट्या स्टिंगच्या.

मार्च १९८०मध्ये हे तिघं मुंबईला धोबीतलावच्या रंगभवनात वाजवून गेले. टाइम अँड टॅलेंट्स क्लबने आणलं होतं. रंगभवन उघडं, त्यामुळे तिकिटाला पैसे नसलेला गिरगावातला मी बाहेर फुटपाथवर. शब्द कळत नव्हते, सूर वाऱ्याने इकडेतिकडे जात होते, भिंतीवरून सरळ येत होता तो फक्त ठोका. तेव्हापासून पोलिस म्हणजे माझ्या लेखी आधी ड्रम, स्टिंग नंतर.

पुढे काही वर्षांनी मी ज्या ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवायचो तिच्या मालकांनी कोळीगीतांची कॅसेट काढायचं ठरवलं. नाव घेत नाही, हयात आहेत. आम्ही दादा म्हणायचो. सिटिंग एका शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी शाळा सुटल्यावर, बाकं भिंतीला लावून. एक पारंपरिक गाणं होतं जे प्रत्येक पार्टी वाजवायची, तोच धावता ठेका, डोळे मिटून. मी म्हटलं, दादा, हे निम्म्या लयीत करूया. मुळातला ठेका सहा मात्रांचा, तीन-तीनचा. हाय-हॅटवर तो तसाच चालू ठेवायचा आणि खाली वन ड्रॉप टाकायचा. दोन्ही एकमेकांत बसतात, ओढाताण होत नाही. दादा म्हणाले, "अरे, सम कुठंय? बाई उचलणार कशावर?" मी गायिकेला म्हटलं, ताई, पहिल्या मात्रेवर तुम्हीच या, तिथे मी नाही. त्या पहिल्या खेपेला अडखळल्या, दुसऱ्या खेपेला हसल्या, आणि मग सोडेनात. गिटारवाला कुरकुरत होता की आपण काय जमैकात आहोत का. ढोलकीला आमचे अण्णा होते, तमाशात वाजवून आलेले, रेगे हा शब्दही न ऐकलेले. त्यांनी काही न विचारता त्या रिकाम्या जागेच्या जरासा पुढे एक घुमारा टाकला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. गाणं तिथे झालं. मी जे बारीक डोकं लावून जुळवत होतो ते अण्णांनी एका तळव्याने पुरं केलं.

कॅसेट चालली. गणपतीत, नवरात्रात, कोजागिरीला, जिथे जाऊ तिथे पब्लिक तेच मागायचं, एकाच रात्रीत दोनदासुद्धा. कॅसेटच्या कागदावर छापलं होतं, संगीत: दादा. संगीत संयोजन: दादा. मी आणि अण्णा 'आणि सहकारी'त. विचारायला गेलो तर शांतपणे म्हणाले, "ठेका काय कुणाच्या मालकीचा असतो का रे? चाल पारंपरिक आहे. आणि नाईटचे पैसे घेतलेस ना तू?" घेतले होते. अण्णा म्हणाले, सोड रे, चहा पाज. पण आज दादा हे वाचत असतील तर विचारतो, चाल पारंपरिक, ठेका कुणाचाच नाही, मग कागदावर दोन-दोनदा तुमचं नाव कशासाठी?

तर पोलिस. १९८३चा 'सिंक्रोनिसिटी' माँटसेरात बेटावर रेकॉर्ड केला तेव्हा तिघं तीन ठिकाणी बसून वाजवत होते, कोपलंडचे ड्रम जेवणाच्या खोलीत. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गिटारच्या ज्या तुकड्यावरून जग ते ओळखतं तो समर्सने बसवलेला. १९९७मध्ये अमेरिकन रॅपर पफ डॅडीने तोच तुकडा उचलून स्वतःचं गाणं केलं, तेही अमेरिकेत पहिलं आलं, आणि पैसे गेले स्टिंगकडे. साथीदार म्हणे!

१९८६मध्ये पुन्हा जमायचा प्रयत्न झाला. कोपलंड नेमका घोड्यावरून पडून गळ्याजवळचं हाड मोडून बसलेला. मग ठोके मशीनवर बसवायचे ठरले, तर मशीन फेअरलाइट घ्यायचं की सिंक्लाव्हियर यावर भांडण. नव्या अल्बमऐवजी जुन्याच 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी'ची नवी आवृत्ती हाती आली. २००७-०८मध्ये जगभर फिरले, पैसा अमाप मिळाला. त्यातही सुरुवातीच्याच एका कार्यक्रमानंतर कोपलंडने स्वतःच्या ब्लॉगवर लिहून टाकलं की आम्ही भिकार वाजवलं. २०२५मध्ये कोपलंड आणि समर्स यांनी रॉयल्टीवरून स्टिंगविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. म्हणजे तुमचा प्रश्न कोर्टातच आहे, मी कोण बोलणार.

एवढं लिहून झाल्यावर दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, स्टिंगशिवाय हे दोघं लोकांना आवडेल असं गाणं फारसं लिहू शकले नाहीत. खात्री करायची असेल तर समर्सचं 'मदर' ऐका. एकदाच ऐकाल. दोन, वन ड्रॉप कोपलंडचाही नव्हे. तो जगभर नेला बॉब मार्लीच्या ड्रमरने, कार्लटन बॅरेटने, आणि त्याचा १९८७मध्ये खून झाला. त्याचा भाऊ अॅस्टन, मार्लीचा बासवाला, रॉयल्टीतल्या दोघांच्या वाट्यासाठी लंडनच्या कोर्टात गेला आणि २००६मध्ये हरला. पोलिसच्या या तीन गोऱ्यांनी आपल्या दुसऱ्या अल्बमचं नाव 'रेगाटा द ब्लांक' ठेवलं, म्हणजे गोऱ्यांचं रेगे. निदान चेष्टा स्वतःची केली. काळ्या माणसांनी पंक आणि रेगे हे दोन्ही प्रकार कसे वाजवले ते हवं असेल तर वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स ऐका. पोलिसच्या कैकपट वेगवान, आणि रेगेला आले की एकदम थांबल्यासारखे.

तुमचा स्वतःचा बँड असेल तर पहिल्या रिहर्सललाच कागद करा, कोणाचे किती टक्के. अमेरिकेच्या आर.ई.एम. बँडवाल्यांनी आपली गाणी चौघांच्या नावावर लावली आणि तीस वर्षं टिकले. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारा माणूस असेल तर कागद त्याच्यासाठीच करायचा असतो.

ऐकायला 'रेगाटा द ब्लांक'पासून सुरुवात करा, 'सिंक्रोनिसिटी' शेवटी. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बास ड्रम येतच नाही, मग तुम्ही परत येऊन विचाराल की ड्रमर काय करत होता.