हात जड आहेत हो, पण दम कुठे खाणार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा भाऊ चार वर्षं एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र) करतोय, हौशी गटात सात लढती झाल्यात, उजवा हात जड आहे. आता त्याला दहा आठवड्यांनी एका प्रोफेशनल बॉक्सरसमोर चार फेऱ्यांची निव्वळ बॉक्सिंगची लढत देऊ केली आहे. ती घ्यावी की नाही, यावरून घरात दोन तट पडलेत. भावाचं म्हणणं, एमएमएचा मॅक्ग्रेगर बॉक्सर मेवेदरसमोर दहाव्या फेरीपर्यंत उभा होता, एमएमएच्याच एन्गानूने तर बॉक्सर फ्युरीला खाली बसवलं, मग मला का जमू नये?

जमू शकतं. पण भावाने वकिलासारखी सोयीची तेवढीच बाजू मांडली आहे. मॅक्ग्रेगरचं उदाहरण त्याच्याच अंगावर येतं, आणि एन्गानूचं त्याने अर्धंच सांगितलंय.

मी मूळचा बॉक्सर. आठ वर्षं हौशी बॉक्सिंग केलं, गुडघा बोलायला लागल्यावर सोडलं आणि गंमत म्हणून एमएमए शिकायला लागलो. तिथे एक कुस्तीतून आलेला मुलगा होता, माझ्यापेक्षा सहा-सात किलो जड, वयाने दहा वर्षं लहान. एकदा ठरलं की आज फक्त हात, तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या. पहिल्याच मिनिटात त्याने डोक्यावरून फिरवून एक उजवा घातला, तो माझ्या गार्डवर (चेहऱ्यासमोर धरलेल्या हातांवर) बसला तरी कान सुन्न झाला. मनात म्हटलं, आज काही खरं नाही.

मग एक गोष्ट लक्षात आली. मी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) पोटाकडे टाकायला गुडघ्यात थोडा जरी वाकलो, की त्याचे दोन्ही हात झपकन खाली यायचे आणि कंबर मागे जायची. त्याच्या अंगाला ते वाकणं म्हणजे पट काढायला (पाय धरून पाडायला) येणं वाटत होतं. समोरच्याचा खांदा खाली गेला की हात खाली, हे त्याच्यात वर्षानुवर्षं मुरलेलं. बॉक्सिंगमध्ये पट नसतो हे त्याच्या डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं. दुसऱ्या फेरीपासून मी नुसता वाकायचो, हात खाली आले की वरून डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा). आठ-दहा वेळा तेच. त्यालाही कळत होतं काय चाललंय, पण हात ऐकत नव्हते. तिसऱ्या फेरीत तो तोंडाने श्वास घ्यायला लागला, आणि चौथीत मी त्याच्या छातीला कपाळ टेकवून उभा राहिलो तर आत भाता चालल्यासारखं ऐकू येत होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने कुस्तीची मुभा मागितली. मी अर्ध्या मिनिटात पाठीवर होतो. तेव्हा हे सगळं कोण भारी यावर चाललंय असं कृपया समजू नका.

त्या चौथ्या फेरीतल्या भात्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. भाऊ म्हणेल, मी पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची तयारी करतो, म्हणजे पंधरा मिनिटं. इथे तर चार त्रिक बारा. हिशेब बरोबर, पण मिनिटं सारखी नाहीत. एमएमएत माणूस दम कुठे खातो ते आठवा. पिंजऱ्याच्या जाळीला समोरच्याला दाबून धरलं की थोडी उसंत मिळते. वर बसून नियंत्रण ठेवलं की मिळते. लांब उभं राहून एखादी लाथ दाखवली की समोरचाही दोन पावलं मागे जातो. बॉक्सिंगमध्ये या तिन्ही जागा बंद. मिठी मारलीत की दोन-तीन सेकंदांत रेफरी सोडवतो. (रेफरीच लिहितोय, कारण ‘पंच’ म्हटलं की आपल्या भाषेत न्याय करणारा की ठोसा, हा घोळ होतो.) लाथेचं अंतर संपलं, की उरतं ते हाताच्या टप्प्याचं अंतर, आणि तिथे समोरचा रोज राहतो.

मुरलेला बॉक्सर त्या टप्प्यात उभा राहूनच दम खातो. अर्धं पाऊल बाजूला सरकून, हलका जॅब फक्त समोरच्याला थांबवण्यापुरता टाकून, खांद्यावर ठोसा घेऊन, मिठीत स्वतःचं वजन समोरच्याच्या मानेवर सोडून. बघणाऱ्याला वाटतं तो लढतोय. तो खरं तर बसलाय. ही कला दहा आठवड्यांत येत नाही. ताकद येते, कॉम्बिनेशन (लागोपाठच्या ठोशांच्या जोड्या) येतात, प्रशिक्षकाच्या पॅडवर तर माणूस महिन्याभरात सुंदर दिसायला लागतो. पण अंगावर कोणी येत असताना खांदे सैल ठेवणं हे शेकडो फेऱ्यांनंतरच येतं.

आता २६ ऑगस्ट २०१७ ची ती लास व्हेगासची लढत या नजरेने पुन्हा बघा. मेवेदर ४० वर्षांचा, ४९ विजय, एकही हार नाही. मॅक्ग्रेगर २९ चा, प्रोफेशनल बॉक्सिंगमधली ही पहिलीच लढत. तो अगदी नवखा नव्हता, लहानपणी डब्लिनमधल्या क्रमलिनच्या क्लबात बॉक्सिंगच शिकला होता. पहिल्या फेरीत त्याने एक डावा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) छान बसवला. डावखुरा, लांब हातांचा, ठोसे विचित्र कोनातून येणारे. पहिल्या तीन फेऱ्या मेवेदरने फारसं काही केलंच नाही. टाक किती टाकतोस ते, असा तो उभा होता. चौथीपासून तो दोन्ही ग्लव्ह्ज गालाला लावून सरळ पुढे चालायला लागला. आयुष्यभर मागे सरकून, खांद्याआडून लढलेला माणूस पुढे चालतोय, यातच सगळं आलं. त्याने बघून ठेवलं होतं की या गड्याला मागे सरकताना दम खाता येत नाही. नवव्या फेरीत मॅक्ग्रेगरचे पाय जड झाले, दहावीत १ मिनिट ५ सेकंदांवर रेफरीने लढत थांबवली. तो खाली पडला नव्हता, दोरांना टेकून उभाच होता, फक्त उत्तर देत नव्हता.

ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीची मोजणी सांगते की मॅक्ग्रेगरने ४३० ठोसे टाकले, १११ लागले. मेवेदरने ३२० टाकले, १७० लागले. चुकलेला ठोसा हा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, कारण त्याला अडवायला समोर काही नसतं, तुमचं तुम्हालाच ओढून परत आणावं लागतं. तीनशेहून जास्त वेळा हवेत किंवा ग्लव्ह्जवर हात मारून माणूस दहाव्या फेरीत फेस आणणार नाही तर काय. म्हणून ‘दहाव्या फेरीपर्यंत टिकला’ हे वाक्य मला खटकतं. त्या दहा फेऱ्यांतल्या बऱ्याचशा मेवेदरने मुद्दाम खर्च केल्या होत्या.

ग्लव्ह्जबद्दल भावाने काही विचारलंय का? विचारायला हवं. त्या लढतीचं वजन होतं १५४ पौंड, आणि त्या वजनाला नेवाडात (लास व्हेगासच्या राज्यात) १० औंसांचे ग्लव्ह्ज लागतात. दोन्ही बाजूंच्या मागणीवरून राज्याच्या क्रीडा आयोगाने अपवाद करून ८ औंसांचे दिले. लोकांना वाटलं, एमएमएच्या ४ औंसांच्या जवळ आलं, मॅक्ग्रेगरचा फायदा. पण फरक नुसता वजनाचा नाही. एमएमएचा ग्लव्ह छोटा आणि बोटं उघडी, तो दोन हातांच्या फटीतून आत शिरतो. म्हणून तिथे हात गालाला लावून उभं राहण्यावर कोणी फार भिस्त ठेवत नाही, लोक अंतरावर आणि पायांवर भरवसा ठेवतात. बॉक्सिंगचे ग्लव्ह्ज गालाला लावले की दारं बंद. भावाचा तो जड उजवा, ज्याने जिममध्ये दोघं-तिघं आडवे झाले असतील, तो इथे पहिल्यांदा उशीवर आपटल्यासारखा लागेल. त्याचं आश्चर्य त्याला लढतीत वाटायला नको, आत्ताच वाटून गेलेलं बरं.

एन्गानूची गोष्ट मला स्वतःला जास्त आवडते. २८ ऑक्टोबर २०२३, रियाध. फ्युरी हेवीवेटचा अपराजित डब्ल्यूबीसी (बॉक्सिंगची एक जागतिक संघटना) विजेता, एन्गानूची पहिलीच बॉक्सिंग लढत, पट्टा पणाला नव्हता. तिसऱ्या फेरीत डाव्या हुकने फ्युरी खाली. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो, खोटं कशाला बोलू. दहा फेऱ्या पूर्ण झाल्या आणि फ्युरी निसटता, दोन विरुद्ध एक असा जिंकला. दोन गुणपत्रिकांवर अंतर फक्त एका गुणाचं होतं, एक ९५-९४ एन्गानूकडे, एक ९५-९४ फ्युरीकडे.

आता उरलेली अर्धी गोष्ट. एन्गानूचं पहिलं स्वप्न बॉक्सिंगच होतं, कॅमेरूनहून पॅरिसला तो त्यासाठीच निघाला होता, एमएमए नंतर भेटलं. या लढतीसाठी माइक टायसन त्याच्या तयारीत होता. आणि त्याने त्या रात्री एक शहाणपण केलं: घाई केली नाही. मोजके ठोसे, मिठीत आपलं प्रचंड वजन टाकून विश्रांती. म्हणजे दम खायची एक जागा त्याने शोधून काढली होती. समोर फ्युरी मात्र पोट सुटलेला, हे चार फेऱ्यांत उरकू अशा थाटात आलेला. सव्वाचार महिन्यांनी, ८ मार्च २०२४ ला, त्याच रियाधमध्ये तोच एन्गानू माजी हेवीवेट विजेत्या अँथनी जोशुआसमोर उभा राहिला. जोशुआ त्याला गंभीरपणे घेऊन आला होता. पहिल्या फेरीत एकदा खाली, दुसऱ्यात दोनदा, आणि खेळ खलास. एन्गानू तोच, हातही तेच. समोरच्याने अभ्यास केला होता, एवढाच फरक.

एमएमएच्या अँडरसन सिल्वाने २०२१ मध्ये बॉक्सर चावेझ ज्युनियरला बॉक्सिंगमध्ये हरवलं, तेही भाऊ सांगेल. खरं आहे, आणि ४६ व्या वर्षी फार देखणं खेळला तो. पण सिल्वाने आधी दोन प्रोफेशनल बॉक्सिंग लढती केल्या होत्या, आणि चावेझचं वजनही काट्यावर बसलं नव्हतं. उलट दिशेचा प्रयोग हवा असेल तर २०१० मधली जेम्स टोनी आणि एमएमएच्या रँडी कुटूरची एमएमएच्या नियमांनी झालेली लढत बघा. टोनी बॉक्सिंगमधला कसलेला विश्वविजेता, कुटूरने सुरुवातीलाच त्याचा घोटा पकडून खाली नेलं आणि पहिल्याच फेरीत गळा आवळून संपवलं.

मग भावाने ही लढत घ्यावी का? एका बाबतीत त्याचं नशीब चांगलं आहे: फेऱ्या चारच आहेत. मेवेदरला बारातल्या तीन फेऱ्या उधार देणं परवडलं. चारातली एक दिली की पाव लढत गेली. बॉक्सरलाही इथे बसून बघायला वेळ नाही, त्यालाही पहिल्या मिनिटापासून यावं लागेल, आणि जो येतो तो सापडतो. पण समोरचा कोण आहे हे आधी शोधा. बॉक्सरेक या लढतींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच्या प्रोफेशनल लढती दिसतील. दोन-तीनच असल्या तर हुरळून जाऊ नका. प्रोफेशनल रेकॉर्ड कोरं असलेल्या माणसामागे हौशी गटातल्या शंभर लढती असू शकतात, आणि असा माणूस तुमच्या भावासाठी सगळ्यात वाईट. समोरच्याच्या प्रशिक्षकाला थेट विचारा. हौशी लढती वीस-पंचवीसच्या आत असतील तर मी घ्या म्हणेन. साठ-सत्तरच्या पुढे असतील तर नाही. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तरी नाही.

घेतलीच तर या दहा आठवड्यांत कुस्ती आणि लाथा बंद ठेवा. एकाच अंगात दोन सवयी भांडायला लागल्या की काय होतं ते वर सांगितलंच. पाय जरा जवळ घ्यायला लावा, एमएमएत पट अडवायला पाय फाकलेले असतात, त्याने बॉक्सिंगमध्ये वळायला उशीर होतो. समोरचा पडला की भावाला त्याच्यावर झेपावायची सवय असेल. इथे गपचूप तटस्थ कोपऱ्यात जायचं असतं, ते स्पॅरिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) चार वेळा मुद्दाम करून घ्या, नाहीतर जिंकत आलेली लढत बाद होण्यात जाईल. मिठीत मानेमागे मारायचं नाही, मॅक्ग्रेगरलाही त्यावरून ताकीद मिळाली होती. वजन उतरवायला शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडू देऊ नका, कोरडं डोकं ठोसा वाईट सोसतं. आणि स्पॅरिंगमध्ये डोकं दुखलं, उलटीसारखं वाटलं, प्रकाश खुपला तर त्या दिवशी घरी आणि आधी डॉक्टर, मग लढत पुढे गेली तरी चालेल.

एक काम याच आठवड्यात करा. जिमबाहेरचा, शक्यतो समोरच्याच वजनाचा एखादा खरा बॉक्सर गाठा आणि भावाला त्याच्याशी तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या खेळवा. मोबाइलवर चित्रण करा. पहिल्या दोन फेऱ्या बघूच नका, त्यात सगळेच चांगले दिसतात. चौथी लावा, आवाज बंद करा, आणि फक्त भावाचा उजवा हात बघा: ठोसा टाकून झाल्यावर तो गालापाशी परत येतोय की छातीपाशी थांबतोय. मग तोंड बघा, मिटलेलं आहे की उघडं. ती फेरी इथे टाकलीत तर मीही बघून सांगतो.