बागेत कुंड्यांमागे चकचकीत अंगाची, कुशीवर केशरी पट्टा असलेली पालीसारखी काहीतरी दिसते, विषारी आहे का? मारावी का?

नाही हो, विषारी अजिबात नाही, आणि मारू तर मुळीच नका. तुम्ही लिहिलंय की वॉचमन काठी घेऊन मागे लागलाय, तर आधी त्याला थांबवा. ही सापसुरळी. आमच्या बडोद्यात गुजराती शेजारी पण हिला सापाची मासीच (मावशीच) म्हणतात, आणि साप चावला तर औषध आहे पण ही चावली तर पाणी मागायलाही वेळ मिळत नाही, हे दांडिया बाजारात चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. पण भारतात सापडणारी एकही सापसुरळी विषारी नाही. विषाची ग्रंथीच नाही तर विष येणार कुठून. हातात धरली तर घाबरून चावेल, चिमटा काढल्यासारखं वाटेल, बस.

तुमच्या वर्णनावरून ती युट्रोपिस कॅरिनाटा (हे शास्त्रीय नाव) वाटते, जर्मन अभ्यासक श्नायडरने १८०१ मध्ये जिचं वर्णन केलं ती. आपल्याकडे बागेत दिसणारी सगळ्यात दणकट सापसुरळी हीच. पाठ तपकिरी किंवा ऑलिव्ह, उन्हात ब्राँझसारखी चमकते, दोन्ही बाजूंनी डोळ्यापासून मागे जाणारी फिकट पिवळसर रेघ, पोट पांढरट. लांबून अंग गुळगुळीत वाटतं पण जवळून बघाल तर पाठीच्या प्रत्येक खवल्यावर बारीक उभे कंगोरे असतात, तीन, पाच, कधी त्याहून जास्त. तेच तिची खरी ओळख. पळताना पाय दिसत नाहीत म्हणून लोकांना सापाचं पिल्लू वाटतं, पण थांबली की नीट बघा, चार पाय असतात, कानाचं भोक दिसतं आणि ती डोळे मिटते. सापाला पापण्या नसतात, घरातल्या भिंतीवरच्या पालीलाही नसतात.

आता तो केशरी रंग. तो विषाचा इशारा नाही, तो नर आहे आणि त्याचा विणीचा हंगाम चालू आहे एवढंच. या दिवसांत नराच्या कुशी केशरी, कधी चक्क लालभडक होतात आणि हंगाम संपला की रंग ओसरतो. मादीला असा रंग येत नाही. दोन नर समोरासमोर आले की एकमेकांना चावतात, पाठलाग करतात, आणि मिलनाच्या वेळी पण नर मादीला तोंडाने धरून ठेवतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं भांडणच चाललंय. मला स्वतःला हा काळ फार आवडतो, उन्हाळा संपता संपता आणि पहिल्या पावसाच्या सुमारास कमाटीबागेत सकाळी जरा ऊन आलं की पालापाचोळ्यातून खसखस ऐकू येते, थोडं थांबलं की दर्शन होतंच. विश्वामित्री नदीच्या काठच्या कोतरांत (घळींत), झुडपांत, दगडांच्या ढिगात, कंपाउंडच्या फटीत, कुठेही राहते, फक्त ऊन खायला मोकळी जागा आणि लगेच लपायला आडोसा हवा. रात्री फिरत नाही. खाणं म्हणजे रातकिडे, भुंगे, अळ्या, गांडुळं, म्हणजे बाग असलेल्या माणसाने खरं तर खूश व्हायला पाहिजे.

मादी ओलसर भुसभुशीत मातीत, दगडाखाली किंवा पाचोळ्याखाली अंडी घालते. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, मऊ चामड्यासारखं असतं आणि मातीतला ओलावा शोषून अंडं हळूहळू फुगतं. याच वंशातली लांब शेपटीची एक सापसुरळी तैवानच्या लान्यू बेटावर अंडी खायला आलेल्या सापावर तुटून पडते, इतकी राखण करते, पण आपल्याकडच्या सापसुरळ्यांकडून तशी अपेक्षा ठेवू नका. त्यामुळे कुंडी हलवताना अंडी सापडली तर ती फिरवू नका, आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो आणि अंडं उलटलं तर मरू शकतो. जी बाजू वर होती तीच वर ठेवून ओलसर मातीने परत झाका, आणि तेवढा भाग कीटकनाशक फवारू नका प्लीज.

आणि हो, झाडूने मारलं की शेपटी तुटून वळवळत राहते, तेवढ्यात ती पळते. शेपटी परत येते पण आत मणक्यांऐवजी कूर्चेचा (मऊ हाडासारखा) दांडा असतो आणि रंगही बहुतेक वेगळाच. शेपटीत चरबी साठवलेली असते, ती गेली की मादीला अंड्यांसाठी लागणारी ताकदच कमी होते, म्हणून नुसतं हुसकवायला सुद्धा झाडू मारू नका.

एक शक्यता राहते. बरीच लहान असेल आणि कुशीवर पांढरे ठिपके असतील तर ती युट्रोपिस मॅक्युलेरिया असू शकते, तिच्या नरालाही हंगामात असाच लालसर रंग येतो. आणि बारीक, लांबुळकी, लाल शेपटीची दिसली तर ते तिसऱ्याच जातीचं, रिओपा पंक्टाटाचं पिल्लू. तीही निरुपद्रवीच. पाठीचा जवळून एखादा फोटो मिळाला तर टाका, खवल्यांवरचे कंगोरे दिसले की नक्की कोणती ते सांगतो.