मुलीचा घसा बसतोय, ते आधी पाहा

प्रश्न : माझी मुलगी 28 वर्षांची आहे. बी.ए. (संगीत) आणि गायनात विशारद. चार वर्षांपासून एका खासगी शाळेत पहिली ते आठवीला संगीत शिकवते, संध्याकाळी घरी दोन बॅच घेते. नोकरी कायम नाही. मी तिला अलंकार (विशारदच्या पुढची संगीत परीक्षा), एम.ए., नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी. असा सहा वर्षांचा आराखडा करून दिला आहे. ती टाळाटाळ करते. म्हणते, घसा सारखा बसतो, आठवीची मुलं तोंडच उघडत नाहीत, शाळेत जावंसं वाटत नाही. एवढी शिकलेली मुलगी मागे पडू नये असं वाटतं. तिला कसं समजवावं?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तिला समजवायची गरज दिसत नाही. तिने तिची अडचण अगदी नेमकी सांगितली आहे आणि तुम्ही ती टाळाटाळ म्हणून बाजूला सारली आहे. मला या पत्रात काळजी वाटली ती तिच्या कायम नसलेल्या नोकरीची नाही, घशाची आणि तुमच्या आराखड्याची. 28 वर्षांच्या, चार वर्षं स्वतः कमावणाऱ्या मुलीच्या पुढच्या सहा वर्षांचं वेळापत्रक वडिलांनी आखायचं नसतं. तुमची तळमळ खरी आहे, पण त्या आराखड्यात तिचं एक वाक्यही नाही.

आधी घसा. दिवसभराच्या तासिका, प्रत्येक वर्गात चाळीसेक मुलांच्या वर आवाज चढवणं, संध्याकाळी दोन बॅच, आणि त्यावर अलंकारसाठी दोन-तीन तासांचा रियाज. बसलेल्या आवाजावर रियाज केला की माणूस जोर लावून स्वर काढायला शिकतो आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. स्वरतंतूंवर गाठी आल्या असतील तर लवकर सापडलेल्या गाठी बहुतेकदा आवाजाच्या उपचारांनी आणि सवयी बदलून आटोक्यात येतात. ज्येष्ठमध आणि गरम पाण्यावर महिने घालवू नका. वर्गात गळ्यातला छोटा माइक वापरायचा, शांत करायला ओरडण्याऐवजी टाळीचा ठरलेला बोल द्यायचा, सलग तीन तासिका गाऊन घ्यायच्या नाहीत.

आता एक गैरसमज, जो तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे: वरची परीक्षा दिली की शिक्षक वरचा होतो आणि नोकरी कायम होते. विशारद, अलंकार या परीक्षा गायकाची तयारी तपासतात. चाळीस मुलांना सुरात कसं आणायचं, हे त्यांत फारसं येत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा शिकवणारे घडवण्यासाठी उपदेशक वर्ग वेगळा चालवला. गाता येणं आणि शिकवता येणं या दोन तयाऱ्या आहेत, हे त्यांना कळलं होतं. नोकरीचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरावर पट असेल तर, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे. पूर्णवेळ नाही. पीएच.डी.ने हे बदलत नाही. केंद्रीय विद्यालयांच्या 2022 च्या भरतीत प्राथमिक संगीत शिक्षकासाठी शैक्षणिक अट बारावीला 50 टक्के आणि संगीतातली पदवी एवढीच होती. म्हणजे बारावीचे गुण तेवढे असतील तर शिक्षणाच्या बाबतीत ती त्या अटीत आजच बसते. वयाची अट मात्र त्या त्या वेळच्या जाहिरातीत तपासून घ्या.

एम.ए. आणि त्यावर नेट, सेट किंवा पीएच.डी. हे महाविद्यालयात शिकवायचं असेल तर लागतं. तिला ते हवं आहे का, हे विचारा. अलंकार एम.ए.च्या बरोबरीचं धरलं जाईल असं गृहीत धरू नका. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना असतो, समकक्षता जिथे अर्ज करायचा तिथून लेखी घ्यावी.

तिला खरी वाढ हवी आहे ती तिच्या वर्गातच, म्हणून पुढचं तिला वाचायला द्या.

पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा ते. बाई काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून) गातात म्हणून वर्गही काळी पाचमध्ये गातो, ही घोडचूक सर्रास दिसते. गाणं मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, उतरलं की लहान मुलांचा आवाज तिथे पोचत नाही, ती शब्द नुसते बोलतात, आणि आपण त्यांना बेसुर ठरवतो. पट्टी गाण्यावरून ठरवायची. सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर बघायचा आणि सगळं गाणं पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकच्या आत बसवायचं. गाणं सा ते तार सा (वरचा सा) असेल तर षड्ज, म्हणजे सा, पांढरी एक. मंद्र पंचम ते मध्य पंचम असेल तर पांढरी चार.

दुसरी गोष्ट ऐकणं. शिक्षक मुलांबरोबर सतत गात राहिला आणि पेटीही चालू राहिली तर मुलांचा आवाज त्याला ऐकूच येत नाही. ओळ दोनदा गाऊन दाखवायची, मग गप्प व्हायचं आणि पेटीवरचा हातही उचलायचा. उठून रांगांमधून चालत जायचं. सूर कुठे उतरतो ते तेव्हा कळतं, बहुधा ओळीच्या शेवटी, श्वास संपतो तिथे. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं नाही. ती ओळ दोन श्वासांत तोडून द्यायची.

आठवीची मुलं तोंड उघडत नाहीत, त्याचं कारण मुलग्यांच्या बाबतीत बहुधा बेशिस्त नसून आवाज फुटणं असतं. बारा ते पंधरा या वयात मुलग्यांच्या हाती कधी पाच-सहाच स्वर उरतात आणि तेही मधेच फाटतात. अशा मुलाला एकट्याने गायला उभं केलं की तो वर्षभर गाणार नाही. त्याला लांब ‘हो’ म्हणायला सांगून तो स्वर पेटीवर शोधायचा. त्याच्या आसपासचे चार स्वर ज्यात येतात असा ध्रुवपदाचा तुकडा मुलग्यांच्या गटाला द्यायचा, किंवा इतर गात असताना त्यांनी खालचा षड्ज धरायचा. टाळीने केरव्याचा (आठ मात्रांच्या तालाचा) ठेकाही त्यांच्याकडे सोपवता येतो. ती वर्गातून बाहेर पडणार नाहीत.

महिन्यातून एकदा, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, एका तासिकेचा नुसता आवाज फोनवर घ्यायचा. घरी ऐकताना एवढंच मोजायचं की 35 मिनिटांत मुलं किती मिनिटं गायली आणि बाई किती बोलल्या. मुलांची मिनिटं निम्म्याहून कमी भरली तर पुढच्या महिन्यात तेवढ्याच एका गोष्टीवर काम करायचं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचं सेवांतर्गत प्रशिक्षण अपेक्षित आहे. संगीत शिक्षकांना हे तास सहसा दुसऱ्याच विषयांच्या व्याख्यानांत बसून काढावे लागतात. तिने शाळेकडे लेखी मागावं की यातले काही तास बालगायन, आवाजाची निगा आणि दुसऱ्या शाळेतल्या अनुभवी संगीत शिक्षकाचे वर्ग पाहणं यासाठी धरावेत. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र (सीसीआरटी) सेवेतल्या शिक्षकांना प्रशिक्षण देतं, तिच्या शाळेतून नाव पाठवता येतं का तेही मुख्याध्यापकांना विचारावं.

अलंकारचा अर्ज यंदा भरू नका. डॉक्टरांची वेळ घ्या, तपासणी होईपर्यंत घरच्या दोनपैकी एक बॅच बंद ठेवायला तिला पाठिंबा द्या, आणि त्या बॅचच्या फीचा विषय घरात काढू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या.