जानेवारी नको, जून माग

मी १५ वर्षांची आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहते, दहावीत आहे, जन्मही इथलाच. पुण्यात आजी एकटी पडली म्हणून आईबाबांनी जानेवारीत कायमचं परत जायचं ठरवलंय. मला विचारलं नाही, दिवाळीचा फराळ खाता खाता नुसतं सांगितलं. मी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. मार्चमध्ये सोळा पूर्ण झाल्यावर गाडी शिकायचं परमिट मिळणार होतं. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. हे पत्र फोनला सांगून लिहिलंय. मैत्रिणीचे आईबाबा म्हणतात, बारावीच्या ग्रॅज्युएशनपर्यंत आमच्याकडे राहा. न जाण्याबद्दल घरच्यांना कसं पटवू?
– एडिसनची क्लॅरिनेट

अगं क्लॅरिनेट,

फराळाच्या ताटावर बातमी द्यायची आणि मुलीनं चकली खात मान डोलवावी अशी अपेक्षा करायची, हे चुकलंच. तुझा राग रास्त आहे. पण आजी एकटी आहे हे कारण खरं आहे, त्यामुळे ‘जाऊच नका’ या भांडणात तू हरशील. तारखेच्या भांडणात मात्र जिंकू शकतेस, कारण जानेवारी ही तारीख खरोखरच वाईट आहे आणि बहुधा घरात कुणी तसा हिशोब केलेला नाही. तो तू कर.

वर्षभराच्या विषयाचे क्रेडिट वर्षअखेरीस मिळतात. न्यू जर्सीत अशा विषयाला साधारण ५ क्रेडिट असतात. जानेवारीत निघालीस तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, अर्धवट ग्रेड राहतील आणि दहावी पूर्ण झाल्याचा कागदच नसेल. पुण्यात जानेवारी म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेचा उंबरठा. सीबीएसईत नववी-दहावी मिळून एक अभ्यासक्रम धरतात, नाव नववीतच नोंदवलं जातं, त्यामुळे मध्येच दहावीत घुसता येत नाही. केंब्रिजचा आयजीसीएसई हा दहावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमसुद्धा सहसा दोन वर्षांचा. म्हणजे एक तर नववीत बसायचं, नाही तर जूनपर्यंत घरी. दोन्हीत वर्ष जातं.

जूनमध्ये दहावी संपवून गेलीस तर थेट अकरावी. आयबी डिप्लोमा हा अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम बहुतेक शाळांत ऑगस्टला सुरू होतो, म्हणजे तुला उन्हाळ्याची सुट्टीही मिळते. सीबीएसईची अकरावी तोवर सुरू झालेली असते, एकदोन महिने भरून काढावे लागतील. महाराष्ट्रात मराठीची सक्ती २०२०च्या कायद्यानं पहिली ते दहावी आहे. अकरावीला गेलीस तर ती तुला लागणार नाही. आयबीची फी मात्र वर्षाला लाखांत असते, तेव्हा आईबाबांशी आकड्यांनिशी बोल.

आजीचं काय, हे ते विचारतीलच. उत्तर तयार ठेव: दोघांपैकी एकानं जानेवारीत जायचं, दुसऱ्यानं तुझ्याबरोबर जूनपर्यंत थांबायचं. पाच महिने घर दोन ठिकाणी चालवणं सोपं नाही, पण त्याला शेवट आहे.

मैत्रिणीकडे अडीच वर्षं राहण्याचा बेत सोडून दे. पालक दुसऱ्या देशात असताना सरकारी शाळेत मोफत शिकायचं तर सांभाळणाऱ्या कुटुंबानं विनामोबदला सांभाळत असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पालकांना कौटुंबिक किंवा आर्थिक अडचणीमुळे मुलीला सांभाळणं शक्य नाही हेही दाखवावं लागतं. ‘मुलीला इथंच आवडतं’ ही अडचण त्यात बसत नाही. शिवाय दुसऱ्याच्या घरात फ्लू झाल्यावर फार पाहुण्यासारखं वाटतं.

आता कागद. भारतातली शाळा ‘टीसी’ मागते, अमेरिकेतली शाळा असं काही देत नाही आणि इथं लोक आठवडेच्या आठवडे अडकतात. काउन्सेलरकडून लेटरहेडवर पत्र घे: नाव पासपोर्टवर आहे तसंच, जन्मतारीख, प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख, ‘दहावी उत्तीर्ण, अकरावीस पात्र’ हे वाक्य, सही, शिक्का. सोबत सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या तीन प्रती आणि लसींची नोंद. जन्मदाखल्यावर ज्या राज्यात जन्मलीस त्या राज्याचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या, पुण्यात बसून ते करणं म्हणजे डोकेदुखी.

मग तुझं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) कपाटातून बाहेर काढ आणि दिल्याची तारीख बघ. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं ओसीआय मुलांना मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांतून फक्त एनआरआय किंवा जादा जागा उरल्या. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं, की ज्यांचं कार्ड त्या तारखेआधीचं आहे त्यांचा सर्वसाधारण जागांवरचा हक्क शाबूत आहे. तुझं कार्ड लहानपणीचं असेल तर त्याची रंगीत प्रत काढून ठेव, नवं कार्ड करून घेतलंस तरी जुनं फेकू नकोस. पासपोर्ट शक्य असेल तर सोळा पूर्ण झाल्यावर कर: तो दहा वर्षांचा मिळतो, त्याआधीचा पाचच वर्षांचा. हेही जूनच्याच बाजूनं.

अमेरिकेत कॉलेजला परतायचं असेल तर एक गोष्ट कडू आहे. नागरिक म्हणून फेडरल, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या, मदतीचा अर्ज तू करू शकतेस, पण पालक राज्याबाहेर गेले की न्यू जर्सीच्या रहिवाशांसाठीची कमी फी सहसा हातची जाते. हे आत्ता बोला, बारावीत नको.

अभ्यासात सगळ्यात जास्त फिजिक्स नडेल. तुझ्याकडे बहुधा नववीला बायोलॉजी, दहावीला केमिस्ट्री झाली असेल. इकडची मुलं तिन्ही एकदम शिकत आलेली असतात. व्हेक्टर आणि त्रिकोणमिती उन्हाळ्यात करून घे. दुसरं नडेल ते लिहिणं: तीन तास, पेननं, सलग. टायपिंगची सवय असलेला हात पाऊण तासात दुखतो. मेपासून रोज वीस मिनिटं हातानं लिहायला लाग, दर आठवड्याला दहा मिनिटं वाढव. अकरावी आणि एन्ट्रन्सचा क्लास एकत्र असलेल्या ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजात पहिल्याच वर्षी जाऊ नकोस, आमचं स्पष्ट मत आहे.

मराठी वाचायला आकड्यांपासून सुरुवात कर, अक्षरं नंतर. पुण्यात बसच्या पाट्यांवर मराठी आकडे भेटतील आणि घाईत ५ चा ४ वाचला जातो. बोलण्यातले आकडे त्याहून बिकट. रिक्षावाला ‘अडीचशे’ म्हणेल, आजी ‘पावणेसातला ये’ म्हणेल, आणि एकोणसाठ म्हणजे एकोणसत्तर नव्हे हे कळायला वेळ लागतो. फोनवर आजीकडून रोज दहा आकडे पाठ करून घे, तिलाही काम मिळेल.

जूनपर्यंत थांबलीस तर मार्चमध्ये परमिट मिळेलही, पण इकडे ते कामाचं नाही, याचं वाईट वाटणारच. भारतात गाडीचा परवाना अठराला. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी, तीही पालकांच्या संमतीनं.

मैत्रिणींसाठी वेळ आधीच ठरवून ठेव, ‘बोलू कधीतरी’ ठेवलंत की दिवाळीपर्यंत सुटतं. उन्हाळ्यात तुमच्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची शुक्रवारची रात्र साडेनऊ म्हणजे तुझी शनिवारची सकाळ सात, नोव्हेंबरपासून आठ. अमेरिकेतला नंबर ठेवायचा असेल तर निघण्याआधीच गुगल व्हॉइस या इंटरनेटवरच्या फोनसेवेवर पोर्ट कर, भारतातून ते होत नाही. काही बँकांचे ओटीपी त्यावर येत नाहीत हे बाबांना सांग. हेअर स्ट्रेटनरवर ‘१००–२४०’ लिहिलं नसेल तर मैत्रिणीला देऊन टाक, २३० व्होल्टवर तो एकदाच तापेल.

क्लॅरिनेट शाळेची असेल तर स्वतःची घेऊन ये, प्लॅस्टिकची. लाकडी क्लॅरिनेट एप्रिलच्या कोरड्या हवेत तडकू शकते. केबिनमध्येच ठेव, सामानात टाकू नकोस, आणि तुझ्या नंबरच्या रीडची (तोंडाशी बसते ती वेताची पातळ पट्टी) दहाची दोन खोकी बरोबर आण. छिद्रं झाकणारे पॅड बदलायची वेळ आली तर वाद्यांच्या दुकानात विचारण्याआधी लग्नाच्या बँडवाल्यांना विचार. ते क्लॅरिनेट रोज वाजवतात.