मानेवरचा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे

परदेशात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगी 13 वर्षांची, पाळी 11व्या वर्षी सुरू झाली पण अजून तीन-तीन महिने येत नाही, वजन वाढतंय आणि मान काळी पडलीय, ती रोज घासूनही निघत नाही. पीसीओएसच, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास, असेल का?

ताई, आधी ते घासणं थांबवा बरं. मानेची, काखेतली कातडी काळपट आणि हाताला जाडसर, मखमली लागत असेल तर तो मळ नसतो, बरेचदा रक्तात इन्सुलिन जास्त झाल्याची ती खूण असते. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड आणखी आणखी सोडत राहतं, आणि तेच जादा इन्सुलिन ओव्हरीला पुरुषी हार्मोन्स जास्त करायला लावतं, मग पाळी लांबते, पिंपल्स येतात, हनुवटीवर राठ केस येतात. स्क्रबने पोरीची कातडी तेवढी सोलवटते, वर नीट आंघोळ करत नाहीस म्हणून बोलणी बसतात ती वेगळीच.

पाळीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी मागेपुढे चालतंच. नंतरच्या दोन वर्षांत मात्र ती 21 दिवसांच्या आत किंवा 45 दिवसांनंतर येत राहिली, किंवा एकदा जरी 90 दिवसांच्या वर गेली, तर डॉक्टरांना दाखवायचं. म्हणजे तुम्ही अपॉइंटमेंट घ्याच. पण सोनोग्राफीचा हट्ट नको, या वयात ओव्हरीत बारीक फॉलिकल्स, म्हणजे स्त्रीबीजांच्या छोट्या पिशव्या, कितीतरी धडधाकट मुलींना दिसतात, म्हणून पाळी सुरू होऊन 8 वर्षं होईपर्यंत त्यावरून पीसीओएस ठरवत नाहीत. शुगर, थायरॉइड आणि हार्मोन्सच्या रक्ततपासण्यांबद्दल विचारा.

तिकडच्या डॉक्टरांना घरातला डायबिटीस आपणहून सांगा, आजी, आत्या, मामा सगळ्यांचा. आपल्या लोकांना तो कमी वजनातही गाठतो, म्हणून तर मोठ्या माणसांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 25 ऐवजी 23 पासूनच सावध व्हा म्हणतात, त्यामुळे मुलगी बारीक असली तरी मान बघायची. पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्या, आठवून सांगताना घोळ होतो. आणि डॉक्टर तुम्हाला पाच मिनिटं बाहेर बसा म्हणाले तर राग मानू नका, बऱ्याच देशांत तशी पद्धतच आहे आणि तिला काय काय विचारायचं असतं ते तुमच्यासमोर निघणारच नाही.

व्हिटॅमिन डीचंही विचारून घ्या, सावळ्या कातडीला थंड देशातलं ऊन पुरत नाही, ब्रिटनमध्ये तर अशा लोकांनी वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम घ्यावं असा सरकारी सल्लाच आहे. झोप 8 ते 10 तास, म्हणजे फोन रात्री खोलीबाहेर, तुमचासुद्धा. रोज तासभर हालचाल हवी, ती नाचून झाली तरी चालेल, पाळीच्या भीतीने स्विमिंग सोडलं असेल तर आधी ते बोला.

डाएटवर मात्र परस्पर बसवू नका हं, उपाशी राहूनसुद्धा पाळी बंद होते. आणि व्हिडिओ कॉलवर कुणी "काय गं, केवढी सुटलीस!" म्हणालं तर तिला बोलू द्यायच्या आधी तुम्हीच विषय बदला.